वहीत लिहिलेलं हसू

"गंगू, आंघोळ कधी केलीस?"

कर्ण्यातून सरांचा आवाज खडीच्या ढिगांवरून पार पलीकडच्या टेकाडापर्यंत गेला. भर दुपार. त्र्याहत्तरचा उन्हाळा. काष्टीच्या बाहेर रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं आणि भाकरीच्या सुट्टीत सगळी माणसं आमच्यापुढं येऊन बसली होती. आम्ही कलापथकाचे सहा जण जीपपुढं रांगेत उभे. पहिलं गाणं संपलं होतं. आता दुसऱ्या गाण्याआधीचं बोलणं. गंगू म्हणजे मी.

"मागल्या दिवाळीला, सर."

"आणि ह्या दिवाळीला?"

"ह्या दिवाळीला कशापायी? मागलीच अजून हाय की अंगावर!"

माणसं हसली. इथपर्यंत सगळं वहीत लिहिलेलं होतं. पुढं सरांनी स्वच्छतेवर चार वाक्यं बोलायची आणि आम्ही गाणं उचलायचं. पण सर बोललेच नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला, दोन पावलं मागं सरले.

"लांब उभी राहा गं बाई. वारा तुझ्याकडूनच येतोय."

हे वहीत नव्हतं. हे त्यांना तिथंच, उभ्या उभ्या सुचलं. माणसं मांड्यांवर थापा मारून हसायला लागली. समोरच्यांना सगळ्यांना ठाऊक होतं मी कुठल्या वस्तीची ते. लांब उभं राहा, हे आमच्या वस्तीला काय नवं होतं? आजोबांना सांगितलेलं, बापाला सांगितलेलं. फक्त कर्ण्यातून पहिल्यांदा सांगितलं.

आणि मी काय केलं? मी हसले. वहीत माझ्या वाक्याखाली तांबड्या शाईनं लिहिलेलं होतं : गंगू खो खो हसते. मला दुसरं काहीच लिहून दिलेलं नव्हतं. म्हणून मी हसले. खो खो. पोटाला हात लावून, शिकवलं होतं तसं.

आई तिथंच होती. त्या कामावर ती खडी फोडायची. वस्तीतल्या बायांबरोबर बाभळीपाशी, बाकीच्यांपासून बाजूला बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला. ती हसली का रडली, मला दिसलं नाही.

दिवेलागणीला ती घरी आली. डोक्यावर घागर. दिवसभर खडी फोडून, परतीच्या वाटेवर दीड कोस लांबच्या विहिरीवर थांबून आणलेली. आमचा आम्हाला विहिरीत पोहरा टाकता यायचा नाही. कुणी ओतेल तेव्हा ओतेल. त्या घागरीवर दोघींचा रात्रीचा आणि सकाळचा सगळा कारभार. तिनं घागर माझ्यापुढं ठेवली.

"घे. आंगूळ कर."

"आये, प्यायाला काय?"

"आंगूळ कर म्हनले ना."

मी केली. तिनंच पाणी घातलं. मान घासली, पाठ घासली, कानामागं घासलं. कातडी लाल होईस्तोवर. मग घागर पालथी करून ठेवली आणि तशीच आडवी झाली. पाण्याचा घोट न घेता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी ह्या कलापथकात कशी आले ते सांगते. माझा बाप जलशात गायचा. बाप जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याच्या जलशात वही नव्हती. गाणी पाठ असायची, पण दोन गाण्यांच्या मधलं बोलणं सगळं तोंडचं. समोर कोण बसलंय ते बघायचं आणि बोलायचं. गावचा पाटील बसला असेल तर पाटलाला विचारायचं, शाळामास्तर असेल तर मास्तरला. बाप म्हणायचा, "गानं बसून शिकता येतं. बोलाया समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागतं." मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून त्याच्यामागं झील धरायची. सातवीपर्यंत शिकले. आवाज चढा होता, कर्ण्याशिवाय लांब जायचा.

सर हायस्कुलात शिकवायचे. पिढ्यान्‌पिढ्या लिहिण्या-वाचण्यातलं घर. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही सांगते. वस्तीत येऊन आईला म्हणाले, "हिचा आवाज वाया जाऊ देऊ नका." आई हरखून गेली. मीही. मला गायचं होतं हो! दुसरं काही नको होतं. सहा जणांच्या मेळ्यात उभं राहून वरचा सूर धरायचा, बाकीच्यांचे आवाज खालून येऊन त्याला मिळायचे, तेव्हा अंगावर काटा यायचा. त्या एका गोष्टीसाठी मी सगळं सोसलं.

तालीम शाळेच्या ओट्यावर. पहिल्या दिवशी सरांनी वही उघडली. सगळ्यांची वाक्यं लिहिलेली. सर आणि पथकातल्या उषाताई शुद्ध बोलणार. मी गंगू, अडाणी, घाणेरडी. मी वाचताना "आहे" म्हणाले तर सर म्हणाले, "हाय म्हण. लोकांना हसू आलं पाहिजे." म्हणजे शाळेत "हाय" म्हटलं की छडी आणि इथं "आहे" म्हटलं की चूक. बरं. म्हटलं हाय.

त्या काष्टीच्या खेळानंतर मी तालमीला जाऊन विचारलं, "सर, ते वाऱ्याचं वहीत नव्हतं."

"अगं, ते ऐनवेळी सुचतं. ती कला असते."

"मग मला ऐनवेळी सुचलं तर?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सर हसून म्हणाले, "तुला लिहून दिलंय ना? तू तेवढंच बोल. उगीच गोंधळ नको."

उषाताई मला बाजूला घेऊन समजूत घालायला लागल्या. चांगली बाई, मला आपल्या पानाच्या डब्यातला विडा देणारी. "मनावर घेऊ नकोस गं. गंगूला म्हणतात, तुला थोडंच म्हणतात?" आणि मग वळून हाक मारली, "गंगू, पेटी आण बरं." त्या मेळ्यात माझं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. वहीवर लिहिलं होतं तेच माझं नाव.

सरांची एक पद्धत होती. ऐनवेळी जे सुचलं आणि ज्याला लोक हसले, ते दुसऱ्या दिवशी वहीत पक्कं व्हायचं. तांबड्या शाईनं. वाऱ्याचं वाक्य पक्कं झालं. रुमाल पक्का झाला. मग राहुरीकडं एका कामावर त्यांना माझ्या केसांवरून सुचलं, तेही झालं. देवळालीला लुगड्यावरून. संगमनेरला "गंगूच्या घरची भाकरी कोण खाईल?" असं त्यांनी लोकांनाच विचारलं आणि लोकांनी "कुनी न्हाई!" म्हणून आरोळी दिली. तीही आरोळी वहीत गेली. आणि प्रत्येकाच्या खाली माझ्यासाठी एकच : गंगू हसते. गंगू मोठ्याने हसते. गंगू हसून लोळते.

मी लोळले. उन्हात, खडीवर लोळले.

हळूहळू ते हसू माझ्या अंगात शिरलं. घरी भाकरी थापताना आपोआप तोंडातून यायचं. एकदा झोपेत हसले. आईनं मला हलवून जागं केलं आणि अंधारात विचारलं, "कोन हसलं गं?" मी काय सांगणार? मी म्हणाले, "कुनी न्हाई." ती रात्रभर माझ्या उशाशी बसून राहिली, जशी काय बाहेरची बाधा झालीय. झालीच होती की. अजून आहे.

मग पुन्हा काष्टी. तेच काम, रस्ता तेवढा पुढं सरकलेला. ह्या वेळी जीप पलीकडच्या अंगानं आली आणि बाभळीच्या सावलीला उभी राहिली. तिथं पाण्याचं पिंप होतं, तळाला कळशीभर पाणी उरलेलं. कामावर प्यायच्या पाण्याची पिंपं दोन. एक मुकादमाच्या छपराशी, सगळ्यांचं. दुसरं बाभळीमागं, आमच्या वस्तीचं, त्याला तारेनं बांधलेला जर्मन धातूचा पेला. सरांना हे कुठलं माहीत? सावलीत पाणी दिसलं, त्यांनी पेला बुडवला. तोंड धुतलं. मानेवर ओतलं. रुमाल भिजवला. मग बाकीच्यांनी धुतलं. पावडर लावायची म्हणून उषाताईंनी दोनदा धुतलं. पेला तळाला लागल्याचा आवाज मी ऐकला.

मी सांगू शकत होते. सांगितलं नाही. बिनलिहिलेलं बोलायची सवयच मोडली होती माझी. ह्याची लाज मला अजून आहे.

सुट्टी झाली. पहिलं गाणं सुरू झालं. वस्तीतल्या बाया लांबच्या टोकाला होत्या, त्या उशिरा आल्या. आई पिंपापाशी गेली. आत वाकून बघितलं. पेला वर काढला आणि उलटा धरला. एक थेंब पडला नाही. मग तिनं तार पिंपापासून सोडवली आणि पेला हातात घेऊन तशीच खाली बसली, तार लोंबत होती. ओठ पांढरे पडलेले. सूर माझ्या तोंडात होता आणि माझे डोळे तिच्यावर.

गाणं संपलं. सरांनी रुमाल काढला.

"गंगू, आंघोळ कधी केलीस?"

मागल्या दिवाळीला. ओठांवर आलं होतं ते. मी आईकडं बघितलं. मग सरांच्या डोळ्यांत बघितलं.

"मागल्या खेळाला, सर. हितनं घरी गेल्यावर."

सरांना वाटलं मी रंगात आले. "अरे वा! उटणं लावलंस की नाही?"

"न्हाई. माझ्या आयनं दिसभर खडी फोडून यक घागर आनली हुती. ती समदी माझ्या अंगावर वतली. तुमाला वास आल्ता म्हनून. ती तशीच झोपली. घोटभर पानी न पिता."

तेच हाय-न्हाई होतं. तेच, ज्याला सगळी माणसं हसायची. एकही माणूस हसला नाही. सर वही चाळायला लागले. पानं उलटत होते, पुढं-मागं. त्यांना काही सुचेना! उषाताईंनी घाईघाईनं पुढच्या गाण्याचा सूर लावला. मी लावला नाही. वरच्या सुराशिवाय ते गाणं उभंच राहिना.

"आन् सर, आत्ता तुमी ज्या पिंपात पेला बुडीवला ना, ते आमच्या वस्तीचं. प्यायाचं पानी हुतं ते. दिस मावळंस्तवर आमाला तेवढंच. संपलं ते."

मग पुढं बसलेल्या, दुष्काळानं खडीवर आणलेल्या बागायतदारांच्या पोरांपैकी एक जण ओरडला, "आयला! सर बाटले!" आणि हशा फुटला. एवढा हशा त्या कलापथकाला कधी मिळाला नव्हता. सर रुमालानं तोंड पुसायला लागले. त्याच ओल्या रुमालानं. पुन्हा पुन्हा.

मी शिवाशिवीचं बोललेच नव्हते. मी पाण्याचं बोलले होते, तहानेचं बोलले होते. लोकांनी ऐकलं काय? पेला कुणाचा आणि तोंड कुणाचं. ते हसणंही माझ्या कानात राहिलंय. सरांवर हसले म्हणून मला बरं वाटलं नाही. तेच जुनं हसू होतं ते, फक्त दुसरीकडं वळलेलं.

आई उठली. हशातून वाट काढत मुकादमापुढं जाऊन उभी राहिली, पेला पुढं केला.

"सायेब, आदी पानी द्या. मंग काय हसायचं ते हसा."

मुकादमानं गड्याला खूण केली. गड्यानं छपराकडच्या पिंपातनं कळशी भरून आणली आणि आमच्या बायांना पाणी पाजलं. वरूनच ओतलं. ओंजळीत. आई ते पाणी प्यायली. दुसरा इलाज नव्हता. मी ते बघत होते.

जीपपाशी सरांनी मला गाठलं.

"वहीत नव्हतं ते का बोललीस?"

"ऐनवेळी सुचलं, सर. ती कला असते ना?"

"उद्यापासून येऊ नकोस."

"येत नाही. पण आजचं वहीत लिहा. लोक हसले की तुम्ही लिहिता. आज किती हसले बघितलंत ना? लिहा."

त्यांनी वही काखेत दाबली. मी वहीकडं हात पुढं केला तर त्यांनी अंग चोरलं, चटका बसल्यासारखं. जीप सुरू झाली. उषाताई मागून ओरडल्या, "गंगू, तुझी पिशवी राहिली!" मी वळले नाही. माझं नाव गंगू नव्हतं. पिशवी त्यांनी रस्त्यावर टाकली.

गाणं गेलं. ते सलतं. पाच आवाजांच्या वर माझा एक आवाज, ते पुन्हा कधी झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी आईशेजारी खडी फोडायला बसले. आणि ते हसूही काही गेलं नाही. आई आता नाही. पण कधी तोंडावर पाणी मारताना मागून खो खो ऐकू येतं, आणि पाठोपाठ तिचा प्रश्न : कोन हसलं गं?

मी हसले, आये. मीच हसले. खोटं बोलले होते तुझ्याशी.

सरांनी शेवटपर्यंत लिहिलं नाही. म्हणून मी लिहिलंय. काळ्या शाईनं, माझ्या हातानं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. ज्याच्या कुणाच्या घरी ती वही पडली असेल त्यानं हे तिच्यात डकवावं आणि "गंगू हसते" जिथं जिथं असेल तिथं तिथं खोडावं. इथून पुढं माझ्या तोंडाला कुणी हसू लिहून द्यायचं नाही. दिलं तर मी भर लोकांत त्याच्या डोळ्यांत बघून विचारणार आहे, तू तोंड कुणाच्या पाण्यानं धुतलंस.