खोकल्याचं जहाज

आमच्या रापा नुई बेटावर वर्षातून एकदाच चिलीहून जहाज यायचं. साबण, साखर, कापड आणायचं, आणि खोकला. आठवड्याभरात निम्मं गाव अंथरूण धरायचं. माझ्या थोरल्या बहिणीची, मेलानियाची, दोन लेकरं त्या खोकल्यानेच नेली. तिसरा दोन महिन्यांचा होता, तेव्हा टेकडीवरून कुणीतरी ओरडलं, "जहाज!" गाव नाचत किनाऱ्याकडे धावलं. ताई मात्र पोराचं दुपटं गुंडाळू लागली.

"उरी, मी ह्याला घेऊन गुहेत जाते," ती मला म्हणाली.

"अगं, साहेबाच्या परवानगीच्या चिठ्ठीशिवाय भिंतीपलीकडे? पकडलं तर डोकं भादरतील!"

"भादरू देत. केस परत येतात."

मेंढ्या पाळणाऱ्या कंपनीच्या साहेब लोकांनी गावाभोवती दगडी भिंत घातली होती. बेटभर त्यांच्या मेंढ्या मोकळ्या आणि बेटाचे मालक आम्ही कोंडलेले! चोर तर चोर, वर शिरजोर. पण त्या दिवशी पहारेकरीही जहाज बघायला गेले, तेवढ्यात ताई भिंत चढून पसार झाली.

तिच्या नवऱ्याला माल उतरवायला जुंपलं होतं, म्हणून रोज पहाटे मीच भाजलेली रताळी आणि पोखरून वाळवलेल्या भोपळ्यात पाणी घेऊन चोरून भिंत ओलांडायचे. मला पकडलं असतं तर तिलाही पोरासकट गावात आणलं असतं. चौथ्या दिवशी गावात खोकला सुरू झाला. सहाव्या दिवशी माझा घसा खवखवू लागला. मी कुणाला बोलले नाही. मी गेले नाही तर ती खाणार काय, माती?

त्या पहाटे गाठोडं मी गुहेपासून लांबच ठेवलं.

"तिथे काय ठेवतेस? इकडे ये. ह्याला जरा धर, हात भरून आलेत माझे."

"उशीर होतोय गं."

"भित्री मेली! पहारेकऱ्यांना एवढी घाबरतेस?"

मी तोंड दाबून धरलं, पण खोकला कुणाचं ऐकतो? ताईचा चेहरा पांढराफटक पडला. पोराला छातीशी आवळून तिने दगड उचलला.

"पुढे आलीस तर बघ, उरी! सख्खी बहीण म्हणून गय करणार नाही!"

"नाही येत गं बाई. उद्यापासून गाठोडं खालच्या वळणावर ठेवते." एवढं बोलून मी कालचा रिकामा भोपळा घ्यायला एक पाऊल पुढे टाकलं.

दगड थेट कपाळावर बसला. ताई हमसून रडत होती, पण तिने दुसराही उचलला होता. रक्त पुसत मी उतरणीला लागले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मला वाटलं, हे पोर जगेल.