हे ठरवलं कोणी?

वेस्ट विंडसर या अमेरिकन गावातल्या आमच्या शेजारच्या काकू कॉलेजात ग्रीक तत्त्वज्ञान शिकवतात. कुठल्याही गप्पांत त्या मध्येच विचारतात, "पण हे ठरवलं कोणी?"

कॉलनीचा अध्यक्ष, एक तरुण नागपूरकर, मीटिंगमध्ये म्हणाला, "गवत कापणाऱ्यांनी क्लबहाउसच्या सावलीत जेवायचं नाही. ज्याने त्याने आपल्या जागी राहावं."

काकू उठल्या. "आदर्श राज्यात हाच न्याय, असं ग्रीकही म्हणायचे. मी ते शिकवते, पण मला कधीच पटलं नाही. कोणाची जागा कुठली, हे ठरवलं कोणी?"

तरीही नियम पास झाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काकू डबा घेऊन त्या कामगारांबरोबर क्लबहाउसच्या सावलीतल्या पायरीवर जेवायला बसल्या. अध्यक्ष धावत आला.

"काकू, प्लीज, रूल आहे."

"मग आधी मला उठव."

तो घुटमळला आणि निघून गेला. काकूंनी बाजूच्या माणसाला लोणचं वाढलं.