मंगळाच्या गाडीला पिस्ता रंग

आमच्या घरात वाहन असं एकच होतं, आणि ते मंगळावर चालायचं. सायकलसुद्धा नव्हती. दसऱ्याला डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगखाली स्कूटर धुतल्या जायच्या, हँडलला झेंडूच्या माळा चढायच्या, आणि आम्ही गॅलरीत उभे राहून दुसऱ्यांच्या गाड्यांना मनातल्या मनात नमस्कार करायचो. बाबा म्हणायचे, "आपलं विमान पूजेला बाहेर काढत नाहीत, नजर लागते." तेव्हा बाबा थट्टा करायचे आणि कामावरही जायचे.

ठाण्याच्या एका कंपनीत ते पेंट शॉपला होते. पत्र्याच्या कपाटांना स्प्रेने रंग मारायचे. कपाट असं व्हायला हवं की आरसा विकत घ्यायला नको, हे त्यांचं म्हणणं. रंगाचा एक थेंब ओघळलेला त्यांना खपत नसे. लग्नाला गेले तरी आधी हॉलच्या खिडक्यांना कसला रंग मारलाय ते बघणार, नवरी नंतर.

नव्वदच्या आसपास त्या कंपनीला टाळं लागलं आणि बाबा घरी बसले. दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत बसले ते बसलेच. त्यांच्यासमोरून गेल्याशिवाय कुणाला घरात येता यायचं नाही की बाहेर पडता यायचं नाही, आणि काहीतरी ऐकल्याशिवाय कुणी सुटायचं नाही. आईला आमटीवरून, मला सगळ्यावरून. माझा बीएस्सीचा एक विषय राहिला होता, त्यामुळे मी सोपं गिऱ्हाईक होतो. "या, शास्त्रज्ञ," ते म्हणायचे, "पास झालात की कळवा, मी बसलेलाच आहे."

हा शास्त्रज्ञ घरात काय करायचा, तर खेळण्यातल्या गाड्या. दिवाळी अंकातल्या विज्ञानकथा वाचून माझं डोकं फिरलेलं. साबणाच्या दोन डब्या जोडून सांगाडा, औषधाच्या बाटल्यांची झाकणं ही चाकं, संपलेल्या रिफिली म्हणजे धुराडी. पण गाडी बनवण्यात मला फार गोडी नव्हती. खरी मजा ती मळवण्यात. नवी कोरी गाडी म्हणजे नुसतं खेळणं. मंगळाच्या खाणीत चाळीस वर्षं दगड वाहिलेली दिसली पाहिजे. ब्रश रंगात बुडवून फडक्यावर इतका पुसायचा की रंग संपला असं वाटावं, मग तो कडांवरून फिरवायचा. कडा झिजल्यासारख्या दिसतात. स्पंजच्या तुकड्याने ठिपके दिले की पोपडे उडाल्यासारखं वाटतं. चाकांना विटेची भुकटी, धुराड्यांना मेणबत्तीची काजळी. वीस वर्षांचा घोडा मी, आणि जमिनीवर पालथा पडून साबणाच्या डबीला धूळ लावतोय. आता माझ्या मुलाने असं केलं तर मी काय बोलेन, सांगवत नाही.

बाबा खुर्चीतून बघायचे. ज्या माणसाने जन्मभर गंज घासून काढला, त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा मुलगा गंज लावत होता.

"मंगळावर पाऊस पडतो?" एकदा त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग गाडी गंजली कशी?"

"बाबा, मंगळ लाल दिसतो तो गंजानेच. सगळा ग्रहच गंजलेला आहे."

"असं होय. म्हणजे तिथलीही कंपनी बंद पडली म्हण की."

आई आत हसली. मीही हसलो. बाबा हसले नाहीत.

त्याच सुमाराला कुणीतरी मला ठाण्यातल्या वर्तकनगरच्या एका कारखान्याबद्दल सांगितलं. कारखाना म्हणजे मोठं गॅरेज, आत टेबलांवर बिल्डर लोकांसाठी थर्माकोलच्या आणि प्लॅस्टिकच्या इमारती उभ्या. मालकाकडे एका टीव्ही सिरियलचं काम यायच्या बेतात होतं. भविष्यातलं पडकं शहर, त्यात मोडक्या गाड्या. मळवणारा हात त्याला हवा होता. मी अर्धा तास बोललो असेन. तो म्हणाला, "बोलू नकोस. एक गाडी करून आण. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ये. जमलं असेल तर ठेवतो."

जगात अशी नोकरी असते! मी घरी येऊन सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबा म्हणाले, "गाडी खराब करायचा पगार देतो? मग मालक लवकरच माझ्या शेजारी बसायला येईल."

आठ चाकांची गाडी केली. आयुष्यात इतकं मन लावून मी काही केलेलं नाही, लग्नसुद्धा. रंगाने काढलेला गंज मला खोटा वाटायला लागला, म्हणून ग्रिलवाल्याकडून लोखंडाचा कीस आणला, तो सांध्यांत गोंदाने चिकटवला आणि रोज मिठाचं पाणी शिंपडलं. आठवड्याभरात खराखुरा गंज धरला. बाबा पहिल्यांदाच खुर्चीतून उठून जवळ आले. गाडी हातात घेऊन बिजागरीखालचा तपकिरी ओघळ बघत राहिले.

"हे बघून केलंयस," ते म्हणाले.

"हो."

"कुठे बघितलंस?"

"तुमच्या कंपनीच्या गेटवर. वर्तकनगरला गेलेलो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून बघून आलो. वरची बिजागरी अगदी अशीच झालीय."

मला वाटलं खूश होतील. त्यांनी गाडी खाली ठेवली आणि बोटं लुंगीला पुसली.

नवमीला आत्याच्या घरी पूजा होती, म्हणून आईने मला मदतीला टिटवाळ्याला धाडलं. दसऱ्याला सकाळी परत आलो. देवासमोर पाटावर बाबांची स्प्रेगन, तिला हळदकुंकू, आणि शेजारी एक पिस्ता रंगाची गाडी. गुळगुळीत, चकचकीत, तळमजल्यावरच्या नव्या स्कूटरला शोभेल अशी. पुढे कुंकवाचं स्वस्तिक, मागे झेंडू. चाकं मोजली. आठ.

"बाबा, हे काय?"

"दसऱ्याला वाहन धुतात. घरात एकच होतं, धुतलं," बाबा म्हणाले. "काचपेपर मारला, प्रायमर दिला, गॅरेजवाल्याचा कॉम्प्रेसर मागून दोन हात मारले. नोकरी मागायला गंजकी गाडी घेऊन जातात काय रे? लोक म्हणतील बाप पेंटर होता की भंगारवाला?"

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "एक अक्षर बोलू नकोस. टाळं लागल्यापासून पहिल्यांदा जिना उतरलेत."

दुसऱ्या दिवशी वर्तकनगरला गेलो. नवीन करायला वेळ नव्हता, आणि रिकाम्या हाताने जायची हिंमत नव्हती. मालकाला म्हटलं, "साहेब, याच्या खाली जे होतं ना..."

"खाली होतं ते खाली गेलं," तो म्हणाला. त्याने गाडी ट्यूबलाइटखाली धरून सगळ्या बाजूंनी फिरवली. "हा रंग कोणी मारला?"

"बाबांनी."

"इतक्या बारीक कामावर एक थेंब ओघळलेला नाही. काय करतात?"

"घरी असतात."

"पाठव त्यांना. सिरियलवाला पळाला. टिटवाळ्याच्या बिल्डरला इमारती हव्यात, अशाच झकास."

"आणि मी?"

"एका घरातली दोन माणसं मी ठेवत नाही. एक रुसला की दोघं जातात." मग म्हणाला, "बघा तुम्हीच, कोणाला पाठवायचं ते. तू आलास तर सफाईपासून सुरुवात कर."

स्टेशनपर्यंत चालत आलो. बाबांना बोलावल्याचं न सांगायचंही ठरवता आलं असतं. सफाई तर सफाई. कधीतरी ब्रश हातात आलाच असता. दारात पोचलो तर बाबा खुर्चीत नव्हते. उभे होते.

"काय म्हणाला रे? रंग आवडला?"

तो चेहरा बघून खोटं बोलता येईना. "तुम्हाला बोलावलंय," मी म्हटलं. "एकाच माणसाला ठेवणार म्हणाला."

मला वाटलं, एकदा तरी नको म्हणतील. 'अरे, तुझी नोकरी ती, मी कशी घेऊ' असलं काहीतरी, खोटं का होईना. मग मी आग्रह केला असता. माझं भाषण जिन्यातच तयार झालेलं.

बाबा म्हणाले, "उद्या जाऊ की आजच?"

आईने पुन्हा देवापुढे साखर ठेवली. तीच वाटी.

मला आत्याच्या दिराने टिटवाळ्याच्या त्याच्या औषधांच्या दुकानात चिकटवलं. अजून तिथेच आहे. चाकांची टंचाई म्हणून कधी पडली नाही. बाबांनी वर्तकनगरला म्हातारे होईपर्यंत इमारती रंगवल्या. आमच्या दुकानाच्या गल्ल्यासमोर जे टॉवर उभे राहिले, ते आधी बाबांच्या हाताखालून गेलेले, पिस्ता आणि गुलाबी.

मंगळाची गाडी शोकेसमध्ये गेली. मला हात लावायची बंदी. पण सांध्यांतला कीस काचपेपरला पुरून उरला होता. दर वर्षी दसऱ्याच्या आसपास पिस्ता रंगाला कुठेतरी फोड यायचा, तो फुटून तपकिरी ओघळ निघायचा. बाबा चिडून तेवढं घासायचे, हाताने रंग द्यायचे. "कसला भिकार माल भरलायस आत," दर वर्षी तेच वाक्य. माझ्या आयुष्यातलं एकच काम टिकलं होतं आणि ते असं खालून डोकं वर काढत होतं. मला बघायला बरं वाटायचं.

शेवटी त्यांचे हात थरथरायला लागले. एका दसऱ्याला, सून आणि नातवंडांसमोर, त्यांनी ब्रश माझ्याकडे दिला. "या वर्षी तू लाव. बिजागरीपाशी. ओघळू देऊ नकोस."

मी श्वास धरून रंग लावला. सगळे वाकून बघत होते. गाडी उचलली, आणि एक पिस्ता थेंब चाकापर्यंत निघाला.

बाबांनी चष्मा सारखा केला, त्या थेंबाकडे बघितलं आणि नातवंडांना म्हणाले, "बघितलंत? म्हणून याला नाही घेतलं."