पुरावामास्तर आणि ब्राह्मीचा रस

गणपतीची आरती मध्येच थांबवून मास्तरांनी भटजींना विचारलं होतं, "याला पुरावा काय?" अशी गोष्ट आमच्या आळीत सांगतात. ती साफ खोटी आहे. पण मास्तरांना ओळखणाऱ्या एकानेही तिचा पुरावा मागितलेला नाही.

रत्नागिरीच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, आणि एकोणीसशे ऐंशीनंतरच्या त्याच काळात त्यांच्या पत्नी, माई, विसरू लागल्या. आधी आमटीतलं मीठ, मग शेजाऱ्यांची नावं. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले. मालगुंडहून एक पाहुणे ब्राह्मीची जुडी घेऊन आले. "हिच्या रसाने गेलेली आठवण परत येते."

"कुणाची आली? नाव सांगा," मास्तर म्हणाले. पाहुणे अर्धा चहा टाकून उठले.

जुडी मात्र मास्तरांनी ठेवून घेतली, आणि प्रयोग मांडला. एक महिना ब्राह्मीचा रस, एक महिना माठाच्या पाल्याचा. आम्ही शेजारी; कधी कुठला, ते फक्त रस काढणाऱ्या माझ्या आईला ठाऊक. "मला कळलं तर मी मार्क वाढवीन, वहिनी!" दर रविवारी ते ताटात अडकित्ता, किल्ली, करवंटी अशा दहा वस्तू मांडत, माईंना दाखवून वर पंचा टाकत आणि काय काय होतं ते विचारत. माई ऐटीत म्हणत, "सगळं आठवतंय. पण सांगणार नाही!" मास्तर चरफडत वहीत शून्य लिहीत.

दोन्ही महिने सारखेच गेले. "ब्राह्मी नापास," मास्तरांनी वही मिटली. तेव्हा आईला राहवेना.

"मास्तर, मी दोन्ही महिने ब्राह्मीच दिली. आजारी बाईला औषध सांगून माठ पाजायचा? जळ्ळी मेली ती परीक्षा!"

मास्तर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "अहो वहिनी, म्हणजे मी ब्राह्मीची ब्राह्मीशीच शर्यत लावली?" मी फस्सकन हसलो. त्यावर मला मिळालेली शिवी कसल्याही पुराव्याशिवाय होती.

नव्याने सुरुवात ठरली. या खेपेला रस मी काढणार होतो. पहिल्याच रविवारी माईंनी ताटाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "गुरुजी, तुमच्या सौभाग्यवती दिसत नाहीत त्या?"

पंचा मास्तरांच्या हातातच राहिला. "येतील हो," ते म्हणाले. "मीही वाट बघतोय."

ताट पुन्हा मांडलं गेलं नाही. रस मात्र माई होत्या तोवर ते रोज स्वतः पाट्यावर वाटत. एकदा मी खोडसाळपणे विचारलं, "मास्तर, पुरावा?"

वरवंटा न थांबवता ते खेकसले, "नाही! आणि उपयोग नाही याचाही पुरावा तुझ्या आईने मिळू दिला नाही. आता थांबू कसा, गाढवा?"