कंसातली भाषा

माझा स्वभाव मुळात भित्रा. आई म्हणायची, हिला दूध गॅसवर ठेवायच्या आधीच करपल्याचा वास येतो. असल्या मुलीनं गावोगाव हिंडून लोकांना नको ते प्रश्न विचारायची नोकरी धरावी, हे माझं मलाच आज खरं वाटत नाही. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यात, बंगळूरच्या बसवनगुडीतल्या एका छोट्या संशोधन संस्थेत मी तेच करत होते. ग्रामपंचायतींत बायकांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या, बायका निवडूनही आल्या होत्या. त्या आल्यामुळे सरकारचा पैसा वेगळ्या कामांवर खर्च होतो का, एवढंच आम्हाला शोधायचं होतं. एवढंच म्हणे!

तेव्हा सर्जापूर रोडवर नाचणीची शेतं होती आणि मधूनमधून निलगिरीची रानं. जमिनींवर दगड रोवून प्लॉट पाडायला नुकती सुरुवात झाली होती. तिथल्या एका गावात मला ती भेटली. चाळिशीची, विधवा, पंचायतीची सदस्य. पहिल्या दिवशी कानडीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिनं एकच उत्तर दिलं, "सगळं चांगलं चाललंय." निघताना मी पाणी मागितलं, तर ती आतल्या खोलीत मुलीला ओरडली, "अगं, तांब्या घासून दे गं!"

मराठी! मी उडालेच. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. मी म्हटलं, "अक्का, आम्हीपण तुमच्यातलेच की." तिनं मला एकदा खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "मग मघापासून परक्यासारखी काय बोलतेस? बस स्वल्प."

पुढच्या खेपेला तिचा दीर बाजाराला गेला होता. रेशमाच्या किड्यांसाठी तुतीचा पाला चिरता चिरता ती सगळं बोलली. जागा बायकांची झाली म्हणून दिरानंच तिला उभं केलं होतं. तिनं एक अट घातली होती: पोरीला दहावीपर्यंत शिकू द्यायचं. तो हो म्हणाला. "तेव्हापासून तो वही पुढे करतो, मी सही करते. माझी सही चालू, तोवर पोरीची शाळा चालू." मुलगी आठवीत होती. बायकांसाठी संडास बांधायचा ठराव झाला होता, त्यालाही हिनं हात वर केला होता. मग एक दिवस खडीची लॉरी आली आणि खडी पडली दिराच्या प्लॉटकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

"हे कुठं बोलायचं नाही हं," ती म्हणाली. "लिही पाहिजे तर. नाव नको."

मी छातीठोकपणे सांगितलं, "अक्का, नाव कुठेही येणार नाही."

आणि नाव आलं नाहीच. अहवालात गावाला मी 'गाव ख' केलं. दिराचा प्लॉट हा 'कुणाचा तरी प्लॉट' केला. त्या पंचायतीत चार बायका होत्या, चौघींपैकी कुणीही हे बोललेलं असू शकत होतं. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होते.

आमच्या सरांचा एक नियम होता. कुणाचंही बोलणं जसंच्या तसं छापलं, की शेवटी ते कोणत्या भाषेत बोललं गेलं ते कंसात लिहायचं. अहवाल कानडीत असला तरी मूळ बोलणं कधी तेलुगूत असे, कधी तमिळमध्ये. चांगलाच नियम होता तो. मी सगळीकडे इमानदारीत पाळला. ठरावाचं आणि खडीचं तिचं बोलणं मी चार ओळींत तसंच दिलं होतं; त्याखाली कंसात लिहिलं: मराठी.

शनिवारी दुपारी झेरॉक्सच्या दुकानातून चाळीस प्रती घरी आणल्या. सोमवारी आमच्याच सभागृहात बैठक होती. पंचायतींचे सदस्य, अध्यक्ष, तालुक्याचे अधिकारी, सगळ्यांना एकेक प्रत द्यायची होती. एक प्रत उगाच चाळायला घेतली आणि त्या पानावर आले. कंसातला शब्द वाचला आणि माझं धाबंच दणाणलं. त्या पंचायतीत मराठी बोलणारी बाई एकच होती.

नाव लपवलं, गाव लपवलं, आणि बाईला भाषेसकट चव्हाट्यावर आणून बसवलं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालंच नसतं, कारण दुसऱ्या कुणाशी ती मराठीत बोललीच नसती.

सरांच्या घरी फोन केला. ते गावाला निघायच्या घाईत होते. "नाव नाही ना कुठे? मग झालं तर," म्हणाले आणि फोन ठेवला. ते बैठकीलाही नसणार होते. मी तिथेच फोनपाशी बसून राहिले. डोळ्यासमोर सारखी ती मुलगी येत होती, तांब्या घासणारी.

आई म्हणाली, "रडतेस काय? खोड की तो शब्द."

"एकाच ठिकाणी खोडलं तर तिथंच नजर जाईल गं."

"मग सगळीकडं खोड. सरी? बरोबर ना?"

सरांचा नियम चाळीस प्रतींत मोडायचा, तोही त्यांना न विचारता. पण दुसरी वाट नव्हती. रविवारी सकाळी आम्ही दोघी जमिनीवर बसलो. पांढऱ्या शाईची बाटली चार प्रतींतच संपली, आणि उजेडाकडे धरलं की तिच्यातून अक्षरं दिसत होती. आईनं बाटली हिसकावून घेतली. "हे तुमचं हपिसातलं सामान बाजूला ठेव," म्हणाली आणि मैद्याची खळ शिजवून आणली. मी कागदाच्या बारीक पट्ट्या कापायच्या, तिनं प्रत्येक कंसावर खळ लावून चिकटवायच्या. कानडी, तेलुगू, तमिळ, मराठी, सगळ्यांची तोंडं बंद. आधीच्या चार प्रतींवरही पट्ट्या लावल्या. मध्ये मी चारदा म्हटलं असेल, "निघणार नाही ना गं?" शेवटी ती वैतागली. "दिवाळीचे आकाशकंदील कधी उसवलेत का माझे? गप बस!"

सोमवारी दारात हजेरीची वही घेऊन मी उभी होते. मनाशी ठरवलं होतं की तिच्याकडे बघायचं नाही, ओळख दाखवायची नाही, बोलायचं ते कानडीत. दहा वेळा घोकलं होतं. ती आली. डोक्यावर पदर, मागे दीर. आमच्या दारात एक फसवी पायरी होती, नवा माणूस हमखास अडखळायचा. तिचा पाय अडकला आणि ती पुढे झुकली.

"अक्का, जपून!" मी ओरडले. "पायरी आहे तिथे."

मराठीत! चाळीस प्रतींत जे पट्ट्या चिकटवून झाकून ठेवलं, ते माझ्याच तोंडातून दारात पडलं. जीभ हासडून टाकावीशी वाटली.

दीर थांबला. हसला. पण डोळे हसत नव्हते. "तुम्ही मराठी? बरं. पण हिला मराठी येतं, हे तुम्हाला कसं ठाऊक? घरी आला होतात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, जसं बस स्टॉपवरच्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, आणि कानडीत म्हणाली, "गोत्तिल्ला." माहीत नाही. "कोण बाई आहे ही, मी नाही ओळखत."

"खाली... खाली जिन्यात तुम्ही बोलत होतात ना, ते ऐकलं," मी कशीबशी म्हणाले.

"हां," तो म्हणाला. मग आमचं आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, कुलदैवत विचारलं. मी सगळं सांगितलं. सांगताना वही पोटाशी धरली. तो आत जाऊन बसला.

बैठक सुरू झाली. कोण काय बोललं, मला आठवत नाही. मी फक्त त्याच्याकडे बघत होते. तो पान पान सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचत होता. त्या पानावर आला. बोट थांबलं. मान वर करून त्यानं पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पंचायतीतल्या चौघींच्या पाठी एकेक करून पाहिल्या. मग पुन्हा पानाकडे. आणि मग त्याचं नख त्या पट्टीच्या कोपऱ्यावर गेलं.

तो खरवडत होता. आई गं! उठून प्रत हिसकावून घ्यावी की चहा सांडावा की आग लागली म्हणून ओरडावं, काही कळेना. पट्टीचा कोपरा सुटला. त्यानं चिमटीत धरून ती ओढली. आईची खळ अशी बसली होती की पट्टीबरोबर खालचा कागदही निघून आला. पानाला भोक पडलं. भोकातून पलीकडचं पान दिसत होतं.

त्यानं चहाच्या वेळी मला गाठलंच. पान पुढे धरून विचारलं, "इथं काय होतं?"

"छपाईची चूक होती," मी म्हणाले. "सगळ्या प्रतींत आहे." तेवढं तरी खरं होतं. त्यानं शेजारच्याची प्रत घेतली, तिच्यातही जागोजाग पट्ट्या. "आणि हे कोण बोललं?"

"नावं आम्ही लिहूनच ठेवत नाही."

त्यानं शेजारच्याची प्रत परत केली. मग अध्यक्षांनी हाक मारली म्हणून गेला. त्याला कळलं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

जेवणानंतर मागच्या नळावर मी हात धूत होते. शेजारच्या नळावर ती येऊन उभी राहिली. पाणी सोडलं. माझ्याकडे न बघता, पाण्याच्या आवाजात, हळू मराठीत बोलली.

"पोरीची दहावी व्हायला दोन वर्षं आहेत. दोन वर्षं मला ओळखू नकोस."

मी म्हटलं, "अक्का, माझं चुकलं. मी..."

"मग ये," ती म्हणाली. पदराला हात पुसले आणि गेली.

सर परत आल्यावर चांगलेच रागावले. पण पुढे छापून निघणाऱ्या अहवालात त्या पानावरचा कंस परत येणार नाही एवढं मी भांडून मिळवलं. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव भांडण असेल. अहवालाचं कौतुक झालं. तिच्या चार ओळी कुणीकुणी भाषणांत वाचून दाखवल्या, कानडीत, इंग्रजीत. ज्या भाषेत ती बोलली, त्या भाषेत त्या कधीच वाचल्या गेल्या नाहीत.

दोन वर्षं मी तिकडे फिरकले नाही. शब्द पाळला म्हणून स्वतःची पाठ थोपटत राहिले. दोन वर्षं झाली. तिसरं लागलं. दर उन्हाळ्यात दहावीचा निकाल लागला की ठरवायची, या रविवारी जाऊन येऊ. मग वाटायचं, दीर घरी असला तर? आणि मुलगी शाळेतच नसली तर? ती दारात उभी राहून मला म्हणाली, बघ काय केलंस, तर?

माझ्यावर तिनं दोन कामं सोपवली होती. न ओळखण्याचं मी चोख केलं. "मग ये" म्हणाली होती, ते झालं नाही. मी गेलेच नाही.