भगवंतरावांची उर्दू वही

पुरस्काराची बातमी घरी आली आणि माझ्या सासऱ्यांना दरदरून घाम फुटला. आनंदाने वगैरे नाही, भीतीने. सासूबाई पेढे आणायला पिशवी शोधत होत्या आणि सासरे खुर्चीत बसून मला हळूच विचारत होते, "बेटा, नक्को म्हणता येत नाही का?"

ही गोष्ट शहाण्णव सालची. लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला आले त्याला दोन वर्षं झाली होती. आमचं घर तारनाक्याला. नवरा विक्रम कंप्युटरच्या कंपनीत, महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. घरात मी, सासूबाई म्हणजे सावित्रीबाई, आणि बाबा. बाबांचं नाव भगवंतराव कदम. मूळचे भालकीकडच्या एका खेड्यातले शेतकरी. सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांनी अख्खी नोकरी काढली. पण शहरातले मराठी लोक त्यांना ओळखत ते अभंगांमुळे. काचिगुड्यापासून सिकंदराबादपर्यंत जेवढी म्हणून भजनी मंडळं होती, त्यातल्या निम्म्यांना चाली यांनी शिकवलेल्या. आवाज साठी उलटल्यावरही खणखणीत. आणि स्वभाव असा भित्रा, की रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तरी तो रागावेल म्हणून गुपचूप देऊन टाकायचे.

पुरस्काराला मात्र एवढं काय भ्यायचं, ते मला कळेना. 'नादसेवा पुरस्कार' म्हणजे मंडळांच्या समितीतर्फे बरकतपुऱ्याच्या हॉलमध्ये शाल आणि नारळ. त्या वर्षी एका टीव्ही विकणाऱ्या दुकानदाराने पैसे लावले होते, म्हणून सोबत चौदा इंची कलर टीव्हीसुद्धा. बाजार खुला झाल्यापासून प्रत्येकाला आपली पाटी कुठेतरी लावायची होती, विठोबाच्या डोक्यावर का होईना.

"बाबा, भिता कशाला?" मी विचारलं.

त्यांनी उठून दार लोटलं आणि हार्मोनियमच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेली वही काढली. ती वही मी लांबून अनेकदा पाहिली होती. उघडलेली पहिल्यांदाच पाहिली. आतलं सगळं उर्दू.

"निजामाच्या राज्यात आमच्या गावच्या शाळेत उर्दूच होती," ते म्हणाले. "मराठी फक्त बोलायची. गावच्या भजनातले दत्तोबा अभंग सांगायचे, मी उर्दूत लिहून घ्यायचो. नोकरीत इंग्रजी शिकलो. मराठी वाचायचं राहूनच गेलं. आता मला अक्षर अक्षर लावून वाचावं लागतंय. जोडाक्षर आलं की बंदच."

चाळीस वर्षं अभंग गाणारा माणूस, आणि त्याला अभंग वाचता येत नव्हता. पूर्वी मंडळांत असे बरेच होते, तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. ते सगळे एकेक करून गेले. नवे आले ते छापील पुस्तकं घेऊन, आणि बाबांनी वही फडक्यात बांधली. लोकांना वाटायचं, यांना सगळं तोंडपाठ. तसं ते होतंही. पण विसरायला होईल या धास्तीने ते ती वही रोज रात्री एकदा चाळत.

"समोर एखादं पुस्तक ठेवून वाच म्हणाले तर?" ते म्हणाले. मी हसले. पुरस्कारात कोण कशाला पुस्तक ठेवेल, असं म्हटलं.

चारच दिवसांनी मंडळांच्या मासिक पत्रकात अरविंदचा लेख आला. अरविंद माझ्याच पुण्याचा, औषधांच्या कंपनीत मोठ्या पगारावर आलेला, आणि शुद्धतेचा भारी भोक्ता. मंडळांमध्ये पुरस्कार मिळाला की त्या माणसाची वर्षभर उणीदुणी काढतात, हा रिवाजच. कुणी म्हणे चाली जुन्या, कुणी म्हणे जावयाने वशिला लावला. पण हे बोलणं चहासोबत व्हायचं आणि चहासोबत संपायचं. अरविंदने छापून विचारलं: ज्या गायकाने हैदराबादभर एका अभंगाचं ध्रुवपद चुकीचं पसरवलं, त्याला पुरस्कार कोणत्या निकषावर? छापील प्रतीत नामाचं 'मूळ' आहे. हे गातात नामाचं 'मोल'.

बाबांना मी लेख वाचून दाखवला. 'मूळ' शब्द आला तसे ते पांढरेफटक पडले. वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं.

मग मला कळलं ते असं. उर्दूत ळ नाही, ल वरच भागवायचं. ऊ आणि ओ दोन्हींना एकच अक्षर. कागदावर मूळ आणि मोल अगदी एकसारखे दिसतात. दत्तोबांनी सांगितलं 'मूळ', पोराने लिहून घेतलं. त्याच वर्षी दत्तोबा वारले. पुढे कितीतरी वर्षांनी सिकंदराबादच्या खोलीत वही उघडून तो अभंग पहिल्यांदा गाताना यांनी वाचलं 'मोल'. अर्थ लागत होता, कानाला गोड वाटत होतं. कुणी अडवलं नाही. अरविंदचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती. चुकीच्या माणसाशी भांडायला मला आवडतं. बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं?

त्या आठवड्यात समितीचे अध्यक्ष नामदेवराव घरी आले. चांगला माणूस, पण सगळ्यांना खूश ठेवायच्या नादात असायचे. म्हणाले, "तक्रार नको बघा भगवंतराव. सत्कार झाला की छापील अभंगसंग्रह समोर ठेवून तोच अभंग तुम्ही म्हणायचा. पुस्तकात बघून. सगळ्यांची तोंडं बंद."

बाबा "हौ, हौ" म्हणाले. नामदेवराव निघाले तेव्हा त्यांना जिना उतरून फाटकापर्यंत सोडायलाही उठले नाहीत.

सासूबाईंचं मत सरळ होतं. "नक्को म्हणून कळवा. टीव्ही आहे आपल्या घरी."

"का नक्को म्हणून विचारतील, सावित्री. तेव्हा काय सांगू?"

मग त्यांनी मला विचारलं, आठ दिवसांत वाचायला शिकवशील का. मी बालवाडीचं अंकलिपीचं पुस्तक आणलं. दुपारी जेवणं आटोपली की आम्ही बसायचो. मी तो अभंग फुलस्केप कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. ते बोटाने एकेक अक्षर धरायचे. जो माणूस सकाळी तासभर न अडखळता गायचा, तो 'क्ष'पाशी येऊन शाळकरी पोरासारखा माझ्याकडे बघायचा. मला वाईट वाटायचं आणि चिडचिडही व्हायची, दोन्ही एकदम. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी गाणं बंद केलं. पाचव्या दिवशी जेवण जाईना.

"पाठच तर आहे तुम्हाला," मी म्हटलं. "नजर कागदावर ठेवा आणि म्हणा. कोण बघायला येतंय?"

"विठ्ठलासमोर नाटक करू?" ते म्हणाले. मग कागद पुढे ओढून, "करावंच लागतंय म्हण की."

एक शब्द तेवढा बदलायचा होता. 'मूळ, मूळ' असं ते अंघोळीला जाताना, चपला घालताना पुटपुटत राहिले.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. हॉल गच्च भरला. स्टेजवर टीव्हीचं खोकं विठोबाच्या फोटोपेक्षा मोठं. पुढच्या रांगेत अरविंद, मांडीवर स्वतःची प्रत. मी बायकांमध्ये दुसऱ्या रांगेत बसले. शाल झाली, नारळ झाला. टाळकरी बसले. नामदेवरावांनी तो जाडजूड अभंगसंग्रह बाबांसमोरच्या चौरंगावर ठेवला, खुणेची चिठ्ठी घालून.

बाबांनी पुस्तकाला नमस्कार केला. मग ते उचलून पालथं केलं, आणि मलपृष्ठाकडून उघडलं.

उर्दू पुस्तक तिकडूनच उघडतं. जन्मभर हाताला तीच सवय. आम्ही आठ दिवस सुट्या कागदावर गिरवलं. पुस्तक कुठून उघडायचं हे शिकवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबा एकेक पान डावीकडून उजवीकडे उलटत होते आणि चिठ्ठी सापडत नव्हती. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "काय करायलेत ते?" मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. अरविंद हसला नाही. त्याने मान पुढे काढून पाहिलं आणि त्याला समजलं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

बाबांच्याही लक्षात आलं. त्यांचे हात थांबले. ते आता उठून जातील असं मला वाटलं.

त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. शेजारी ठेवलेल्या हार्मोनियमच्या पेटीतून फडकं काढलं, वही सोडवली.

"मला मराठी वाचता येत नाही," ते माइकसमोर म्हणाले. आवाज इतका बारीक होता की माइक नसता तर ऐकूच गेला नसता. "हे माझं पुस्तक. उर्दूत आहे. यात मी एक शब्द चुकीचा वाचला. अरविंदरावांनी दाखवून दिला. तिथं मूळ आहे. आज बरोबर म्हणतो."

पुढचं मिनिटभर आता काय काय ऐकावं लागणार म्हणून मी खाली बघत होते. पण त्यांनी स्वर धरला आणि आवाज उघडला. पाच-सहा दिवस बंद असलेला आवाज. ध्रुवपद आलं. बाबा स्पष्ट म्हणाले, 'मूळ'. ळ असा घोटून म्हटला, की अरविंदने मान डोलावली.

आणि टाळ वाजले, सगळा हॉल मागून म्हणाला, 'मोल'.

बाबा दचकले. पुन्हा म्हणाले, 'मूळ', जोर देऊन. तीनशे माणसं डोळे मिटून, टाळ्या वाजवत म्हणाली, 'मोल'. चेष्टा नव्हती ती. त्यांना दुसरं येतच नव्हतं. तिसऱ्यांदा बाबांनी टाळकऱ्यांना हाताने थांबवायला पाहिलं. टाळकऱ्यांना वाटलं, लय वाढवा म्हणतायत. पुस्तकात चिठ्ठी सापडत नव्हती तेव्हा त्यांच्या तोंडावर जी भीती होती तिच्यापेक्षा ही मोठी होती. ती कशाची होती ते मला तिथेच कळलं. वाचता येत नाही ही लाज सांगून टाकता आली. हा लोकांच्या तोंडी बसलेला शब्द कसा परत घेणार?

घरी येताना रिक्षात टीव्हीचं खोकं आमच्या दोघांच्या मध्ये होतं. सासूबाई पुढच्या रिक्षातून गेल्या होत्या. रिक्षावाल्याने मागितले तेवढे देऊन झाल्यावर बाबा खोक्याला हात लावून फाटकापाशीच उभे राहिले.

"लोकांचं जाऊ दे बेटा," ते म्हणाले. "दुसऱ्या रांगेतून तुझा आवाज आला मला. आठ दिवस तूच मला मूळ शिकवलंस. आणि तू पण मोलच म्हणालीस."

मी म्हटलं, "नाही, बाबा."

पण मी म्हणाले होते. दोन वर्षं दर एकादशीला त्यांच्या मागे बसून मी तेच शिकले होते.