टिल्ल्या आधीच पोचला होता

भुतंखेतं, चकवा, संकेत — असलं काही कुणी काढलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. वीस वर्षं गणित शिकवतेय हो! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण डोक्यातून जातच नाही...

सोलापुरात कुंभारीच्या बाजूला भटक्या जनावरांचा एक छोटा निवारा आहे. रविवारी मी तिथे मदतीला जाते. टिल्ल्या तिथलाच, दोन महिन्यांचं करड्या पट्ट्यांचं मांजराचं पिल्लू. महाखोडकर! पडदे फाडतो म्हणून दोन घरांनी परत आणून दिलेला. निवाऱ्यात जागा उरली नव्हती. त्या रविवारी घर मिळालं नाही तर त्याला रस्त्यावर सोडायचं ठरलं होतं, आणि तिथे तो दोन दिवसही टिकला नसता.

मोडनिंबच्या शालनताईंनी फोटो बघून फोन केला होता. "लेक सासरी गेली, घर लई सुनं झालंय. आमाला द्या की." घर बघितल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही हा आमचा नियम. रविवारी दुपारी घेऊन येते म्हटलं.

पिल्लं सगळी सारखीच दिसतात, म्हणून आम्ही नखाला नेलपॉलिश लावून खूण करतो. त्या सकाळी दहाला टिल्ल्याला जांभळं लावतानाच बाटली संपली. मग उरलेलं अर्धं नख मी केशरी रंगवलं.

अर्ध्या तासात शालनताईंचा मेसेज. "पोचलं बगा पिल्लू. लई खेळतंय." सोबत फोटो. मी झूम केला — नख अर्धं जांभळं, अर्धं केशरी. आणि टिल्ल्या तर माझ्या मांडीवर बसून ओढणी चावत होता!

फोन लावला. "कुणी आणून दिलं?"

"तुमच्याच मानसानं की!"

आमच्याकडे पिल्लं घरपोच देणारा कुणी माणूसच नाही.

टिल्ल्याला टोपलीत घालून मी एसटी पकडली. वाटभर तो झाकणाच्या फटीतून पंजा काढून माझं मनगट ओरबाडत होता. दारात पोचले, झाकण उचललं, तर आत टिल्ल्या बघून शालनताईंचा चेहराच उतरला.

"परत न्यायला आला व्हय? माजं काय चुकलं? आत्ता तर हितं खेळत हुतं..."

आम्ही घरभर शोधलं. दुसरं पिल्लू नव्हतं. तेवढ्यात टिल्ल्या टोपलीतून उडी मारून थेट शिलाई मशीनखाली घुसला आणि चावून ओलं झालेलं दोऱ्याचं रीळ तोंडात धरून बाहेर आला. त्या घरात पहिल्यांदा आलेला टिल्ल्या! शालनताईंनी त्याला छातीशी धरलं. "नेऊ नका ओ म्याडम," म्हणत रडायलाच लागल्या. मी कसली नेतेय! फॉर्म भरून घेतला आणि निघाले.

संध्याकाळी टोपली ठेवायला निवाऱ्यात गेले. तिथले राखणदार मेहबूबचाचा म्हणाले, "बाई, खाली टोकरी लेको कायकू गये थे?"

"रिकामी कुठे? टिल्ल्या होता ना आत!"

"टिल्ल्या तो सुबू से दिख्याच नै."

सकाळपासून नाही? मी त्यांना मनगटावरचे ओरखडे दाखवले.

गणितं मांडून झाली, माणसांना विचारून झालं. शालनताईंचे फोटो येतात, टिल्ल्या मजेत आहे, मला खरंच आनंद आहे. फक्त "त्याला मी घर मिळवून दिलं" असं कुणाला सांगायला गेले की जीभ अडखळते.